शंभर घरांचं कार्ड

रोज हप्ता भरायच्या सावकारी कर्जाला आमच्या गल्लीत ‘डेली’ म्हणतात. पैसे कुठून आणलेस असं कुणी विचारलं की बाई आवाज खाली करते आणि म्हणते, ‘डेलीचे आहेत.’ पुढे कुणी काही विचारत नाही, कारण विचारणारीच्या घरातही बहुतेक वेळा तसलंच एक कार्ड असतं. माझं कार्ड पिवळं होतं, तळहाताएवढं. त्यावर शंभर चौकोन आखलेले. आम्ही त्यांना घरं म्हणायचो. रोज एक घर भरायचं, वसुलीचा मुलगा त्यात सही करून जायचा.

मी सोलापूरची. कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकते. पहाटे तीनला चूल पेटते, सकाळी नवापर्यंत भाकऱ्या वाळून कडक होतात आणि दहाला मी टोपली, वजनकाटा घेऊन माझ्या जागेवर असते. वर्षातला मोठा धंदा संक्रांतीच्या आगेमागे, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत. होम मैदानाकडे माणसांची रीघ लागते आणि बाहेरगावचे लोक चटणी किलोकिलोने नेतात. त्यासाठी डिसेंबरातच ज्वारी आणि शेंगदाणे भरून ठेवावे लागतात. डिसेंबर २०२२ मध्ये माझ्या हातात माल भरायला पैसे नव्हते. आमचे हे टॉवेलच्या कारखान्यात. त्यांचा पगार घरभाडं, किराणा आणि मुलांच्या शाळेत संपतो.

शेजारच्या वहिनींनी एका माणसाचा नंबर दिला. मी सकाळी फोन केला आणि संध्याकाळी आठला तो दारात हजर. २०,००० रुपयांचं कर्ज, रोज २०० रुपये, शंभर दिवस. हातात दिले १७,०००. मी मोजून म्हटलं, तीन हजार कमी आहेत. तो म्हणाला, ‘व्याज आधीच कापलंय ताई, पंधरा टक्के. आता वर काही द्यायचं नाही.’ बदल्यात एक कोरा चेक आणि सही केलेला कोरा स्टॅम्प पेपर घेतला. दहा मिनिटांत काम झालं. ना फोटो, ना दाखला, ना ‘उद्या या’.

पंधरा टक्के हा आकडा मला स्वस्त वाटला. बँकासुद्धा दहाबारा टक्के घेतात असं ऐकलं होतं, मग हा तीन टक्के जास्त घेऊन घरी आणून देतो, त्यात वाईट काय, असा माझा विचार. हिशोब कुठे चुकतोय हे कळायला मला सव्वा वर्ष लागलं.

यात्रा चांगली गेली. रोजचे २०० निघत होते. यात्रा उठली आणि विक्री निम्म्यावर आली. फेब्रुवारीत चार दिवस घर भरता आलं नाही, तेव्हा तो मुलगा दारात येऊन नुसता उभा राहायला लागला. शिवी नाही, धमकी नाही. गल्लीतली येणारीजाणारी माणसं बघतील एवढा वेळ उभा राहायचा. मग मालकाचा फोन आला, ‘ताई, काळजी करू नका, नवं करून देतो.’ तेव्हा ६० घरं भरली होती, ४० बाकी. म्हणजे ८,००० रुपये. त्याने नव्या २०,००० मधून ते वळते केले, तीन हजार परत कापले आणि हातात ९,००० ठेवले. मला वाटलं, सुटले.

प्रत्यक्षात काय झालं होतं ते आज सांगते. पहिले तीन हजार त्याने शंभर दिवसांचे म्हणून कापले होते, पण साठच दिवसांत कार्ड बंद करून नवं सुरू केलं. उरलेल्या चाळीस दिवसांचं व्याज त्याच्याकडेच राहिलं. शिवाय त्या बाकी ८,००० वर नव्याने पुन्हा व्याज लागलं. ‘नवं करून देतो’ या तीन शब्दांत त्याची सगळी कमाई आहे. मी पुढे आणखी तीनदा नवं केलं.

मे २०२३ मध्ये घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली. नव्या खोलीचं डिपॉझिट ३०,०००. डेलीच्या त्याच मालकाने ते वेगळ्या पद्धतीने दिले, शेकडा दहाने. शंभराला महिन्याला दहा. दर महिन्याला ३,००० व्याज, आणि मुद्दल जेव्हा जमेल तेव्हा एकरकमी. थोडं थोडं मुद्दल घ्यायला तो तयार नव्हता. मी एकदा पाच हजार जमवून नेले होते, तर म्हणाला, ‘राहू द्या तुमच्याकडेच, एकदम तीस आणा.’ मला तो भला माणूस वाटला.

ह्यांना मी सांगितलं की डिपॉझिटचे पैसे माझ्या भावाने दिले. माहेरचं नाव सांगितलं की कुणी हिशोब मागत नाही. भावालाही हे ठाऊक नव्हतं. महिन्यातून एकदा बचत गटाची बैठक असते, तिथे जाणंही मी बंद केलं, कारण तिथे बायका एकमेकींच्या चेहऱ्यावरून ओळखतात. आमच्या जाऊबाई घरी आल्या की मी वसुलीच्या मुलाला आधी फोन करून सांगायची, ‘आज जागेवर ये, घरी नको.’ तो ऐकायचा. एवढी सोय तो करून द्यायचा आणि त्या सोयीची किंमत मी देत होते.

रोजचे २०० आणि शेकड्याचे महिन्याला ३,००० म्हणजे दिवसाला १००. माल वजा जाता माझ्या हातात दिवसाला सरासरी साडेचारशे राहायचे. त्यातले तीनशे त्याचे.

एप्रिल २०२४ मध्ये मोठ्या मुलीला ज्वारीच्या डब्यात कार्ड सापडलं. ती तेव्हा अकरावी कॉमर्सला होती. मी चिडले, मग रडले, मग सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही. वही काढली आणि विचारलं, ‘पहिल्या दिवशी तुझ्याकडे त्याचे किती पैसे होते?’ १७,०००. ‘आणि शंभराव्या दिवशी?’ काहीच नाही, सगळे फिटलेले. ‘म्हणजे शंभर दिवसांत सरासरी तुझ्याकडे साडेआठ हजारच होते. त्याचं भाडं तीन हजार. शंभर दिवसांना ३५ टक्के झाले. वर्षाचे कर.’ वर्षाचे सव्वाशे टक्क्यांच्या आसपास आले. मी तिला दोनदा करायला लावलं. शेकडा दहाचं तर सरळच होतं, वर्षाला १२० टक्के. मी अकरा महिने भरले होते, म्हणजे ३३,००० दिले आणि ३०,००० तसेच उभे.

रात्री हे आल्यावर त्यांनाही सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग एकच विचारलं, ‘भावाला फोन करून हे मी विचारलं असतं तर?’ त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला ते माझ्याबरोबर उठले, आणि तेव्हापासून रोज उठतात.

आता यातून निघायचं कसं. माझ्या मनात होतं की आधी डेली फेडावी, कारण तो मुलगा दारात येतो, त्याची लाज जास्त. मुलीने अडवलं. ‘आई, डेलीचं व्याज त्याने आधीच कापून घेतलंय. आज सगळे चौदा हजार एकदम दिलेस तरी एक रुपया वाचणार नाही. शेकडा दहाचं मात्र दर महिन्याला तीन हजार खातंय.’ कार्डावर सत्तर घरं बाकी होती. ती रोज दोनशेप्रमाणे भरायची, पण काही झालं तरी नवं करायचं नाही, आणि आधी शेकडा दहाचं संपवायचं, असं ठरलं. हे मी मुद्दाम सविस्तर सांगतेय, कारण आमच्या गल्लीत सगळ्याजणी उलटं करतात. जो जास्त त्रास देतो त्याचं आधी फेडतात, आणि गोड बोलणाऱ्याचं व्याज वर्षानुवर्षं चालू राहतं.

गटात गेले. चार बैठका चुकल्या होत्या. ८०० रुपये बचत बाकी आणि बैठकीला दहाप्रमाणे ४० रुपये दंड. ते आधी भरले. आम्ही अकराजणी, दरमहा २०० प्रमाणे तीन वर्षं बचत. गटाचा नियम असा की कर्ज मागणारीने कशासाठी हवंय ते सगळ्यांसमोर बोलायचं आणि मग बाकीच्यांनी ठरवायचं. सतरंजीवर बसून दहा बायकांच्या तोंडाकडे बघत ‘मी शेकडा दहाने पैसे घेतलेत’ हे वाक्य उच्चारणं मला बाळंतपणापेक्षा जड गेलं. कुणी हसलं नाही. अध्यक्षबाई म्हणाल्या, ‘माझं मागच्या वर्षी सुटलं.’ आणखी दोघींनी मान खाली घातली.

गटाने १०,००० मंजूर केले, शेकडा दोनने, उरलेल्या रकमेवर. दहा हप्ते. पहिल्या महिन्याला व्याज २००, दुसऱ्याला १८०, असं उतरत जातं. दहा महिन्यांचं मिळून १,१००. शेकडा दोन म्हणजे वर्षाला २४ टक्के, हे काही कमी नाही, मी तसं म्हणणार नाही. पण ते व्याज गटाच्याच पेटीत जातं आणि त्यात माझाही वाटा असतो. नियमित गटांना बँकेचं जोडकर्ज, म्हणजे गटाच्या नावावरचं कर्ज, त्याहून बरंच स्वस्त मिळतं. आमच्या गटाच्या नोंदवह्या तेव्हा अर्धवट होत्या, म्हणून बँकेने थांबवलं होतं. त्या वह्या आता माझी मुलगी लिहिते.

दहा हजारांनी तीस हजार कसे फिटणार? मी मालकाला विचारायला गेले तर त्याने ३८,००० सांगितले, दंड धरून. दंड कसला, तर ‘उशिराचा’. अकरा महिन्यांत मी एकदाही चुकले नव्हते. गटाच्या लेखनिक ताईंनी तिथेच सांगितलं, आता एक पैसा देऊ नकोस, आधी सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयात जा. सावकारीचं काम सहकार खात्याकडे असतं हे मला ठाऊक नव्हतं. मी पोलीस चौकीच्याच भीतीत होते.

महाराष्ट्रात सावकारीचा कायदा २०१४ चा आहे. परवाना नसताना व्याजाने पैसे देणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. परवाना असला तरी मन मानेल ते व्याज लावता येत नाही. शेतकरी नसलेल्या माणसाला तारण ठेवून दिलं तर वर्षाला १५ टक्के आणि बिनतारण १८ टक्के ही सरकारने ठरवलेली मर्यादा आहे, शेतकऱ्याला त्याहून कमी, ९ आणि १२. लक्षात घ्या, वर्षाला. माझा मालक दहाच टक्के म्हणायचा, पण ते महिन्याचे होते. आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही, हा दामदुपटीचा जुना नियमही या कायद्यात आहे. मी तर मुद्दलाच्या वर तीन हजार आधीच भरून बसले होते.

कार्यालयात दोन चकरा झाल्या. पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा अर्ज घेऊन गेले. साध्या कागदावर, मुलीच्या अक्षरात. कुणाकडून, कधी, किती घेतले, किती भरले, काय काय सही करून दिलं. सोबत दोन्ही बाजूंनी काढलेले कार्डाचे फोटो आणि फोनवरून पैसे पाठवल्याच्या नोंदी. सात महिन्यांचं व्याज मी फोनवरून पाठवलं होतं, म्हणून तेवढा तरी पुरावा होता. रोख दिलेल्या चार महिन्यांचा काहीच नव्हता. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. तिथल्या बाईंनी स्वतःहून सांगितलं, ‘पोच घेतल्याशिवाय जाऊ नका.’ ती पोच मी अजून पेटीत ठेवली आहे.

पुढे माझा जबाब झाला. त्याला बोलावणं गेल्याचं मला त्याच्याच फोनवरून कळलं. आवाज बदललेला. गल्लीतल्या एका वडीलधाऱ्या अण्णांना मध्ये घालून तो घरी आला. वर्षाला १८ टक्क्यांनी अकरा महिन्यांचं व्याज ४,९५० होतं. बाकीचं मुद्दलात धरलं तर आमच्या हिशोबाने दोन हजारसुद्धा निघत नव्हते. तो तीसवरून पंधरावर आला आणि शेवटी दहावर थांबला. ते गटाचे दहा हजार मी दिले. दोन हजारांच्या जागी दहा देताना मला फार बोचलं आणि अजूनही बोचतं. पण कोरा चेक आणि स्टॅम्प पेपर त्याच्या हातात होते, आणि ते परत आल्याशिवाय आम्हाला झोप नव्हती. अण्णांसमोर दोन्ही कागद घेतले, पैसे मिळाल्याचं त्याच्याकडून लिहून घेतलं. तक्रार मी मागे घेतली नाही. तसं त्याने सुचवलं होतं, ह्यांनीच नाही म्हटलं.

कार्डाची घरं भरत होते, पण रोजचे दोनशे काढले की मालाला पैसे कमी पडायचे. इथेच बाई पुन्हा ‘नवं’ करते. सासूबाईंची लाखेची बोरमाळ पेटीत होती. सोनं गहाण ठेवणं म्हणजे घराची अब्रू गेली, असं मी लहानपणापासून ऐकत आले. पण आता गल्लीला सगळं कळलंच होतं, त्यामुळे पाय उचलला. राष्ट्रीयीकृत बँकेत गेले. त्यांच्या सराफाने वजन केलं, लाखेचं वजा केलं. निव्वळ सोन्याच्या किमतीच्या पाऊण हिश्शापर्यंत तेव्हा कर्ज देत. मी १२,००० च घेतले. व्याज वर्षाला साडेनऊ टक्के, म्हणजे महिन्याला शंभराच्या आत. मूल्यांकनाचे आणि कागदपत्रांचे थोडे वेगळे. दीड तासात पैसे खात्यात. घरी येताना हिशोब केला. ते पहिले १७,००० मी याच बोरमाळेवर घेतले असते तर शंभर दिवसांचं व्याज साडेचारशेच्या आत आलं असतं. बोरमाळ तेव्हाही पेटीतच होती.

कार्ड जूनच्या अखेरीला संपलं. शंभराव्या घरात सही करताना तो मुलगा म्हणाला, ‘ताई, नवं?’ मी नाही म्हटलं. त्याचं वय विसाच्या आसपास असेल. त्यालाही मालकाला काही देणं होतं, असं नंतर कळलं.

त्याच काळात पीएम स्वनिधीचा अर्ज केला होता. ही योजना जून २०२० पासून आहे, रस्त्यावर धंदा करणाऱ्यांसाठी, बिनतारण. तेव्हा पहिलं कर्ज १०,००० होतं, वर्षभरात हप्त्याने फेडायचं. वेळेवर फेडलं तर वर्षाच्या व्याजदरातले ७ टक्के सरकार खात्यावर परत टाकतं. अडचण कागदाची. महापालिकेच्या पाहणीत माझं नाव नव्हतं, कारण पाहणीच्या दिवशी मी जागेवर नव्हते. मग पालिकेचं शिफारसपत्र मिळवावं लागलं. आधारला जुना मोबाईल नंबर जोडलेला होता, तो बदलायला वेगळी रांग. बँकेतून एकदा ‘साहेब रजेवर आहेत’, एकदा ‘अजून सिस्टिममध्ये दिसत नाही’. एकूण सात आठवडे. घरात भूक असताना सात आठवडे कुणी थांबू शकत नाही, आणि फोन केला की आठला दारात येणारा माणूस नेमकं हेच ओळखून असतो. म्हणून मी भेटेल त्या भाजीवालीला सांगते, पैशाची गरज नसतानाच शिफारसपत्र काढ, आधारचा नंबर बदल, खातं चालू ठेव. ते १०,००० आले ते सगळे शेंगदाण्यात घातले. रोखीने पोतं घेतलं तर व्यापारी किलोमागे दोन रुपये कमी लावतो, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. हप्ता नऊशेच्या आत होता, एकही चुकला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ही योजना मार्च २०३० पर्यंत वाढवली, पहिल्या कर्जाची रक्कम १५,००० आणि दुसऱ्याची २५,००० केली. गेल्या यात्रेचा माल मी त्या दुसऱ्या कर्जातून भरला.

मायक्रोफायनान्सबद्दल लोक विचारतात. आमच्या गल्लीत त्यांचे गट आहेत. त्यांना मी डेलीवाल्याच्या पंगतीत बसवणार नाही. रिझर्व्ह बँकेची देखरेख आहे, पावती मिळते, वर्षाचा खरा दर कागदावर लिहून द्यावा लागतो. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरासाठी ते कर्ज असतं, सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, आणि सकाळी नवाच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, असे नियम २०२२ पासून आहेत. पण दर बँकेपेक्षा बराच जास्त असतो आणि एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या बायका तिच्या दारात जातात. एका गटाचा हप्ता भरायला दुसऱ्या गटाचं कर्ज घेतलेल्या दोघीजणी माझ्या डोळ्यांसमोर आहेत. मी घेतलं नाही.

बोरमाळ मी दिवाळीच्या आधी सोडवून आणली. सासूबाईंच्या फोटोपुढे ठेवली आणि मग पुन्हा पेटीत. आता सकाळी अकराला माझ्या जागेवर बँकेचा पिग्मीवाला येतो, शंभर रुपये घेऊन जातो. पतसंस्थेचाही येत होता, त्याला नाही म्हटलं, कारण बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. माझे शंभर शंभरच आहेत, पण ते बुडायला नकोत.

परवा दुपारी जागेवर गर्दी नव्हती. पलीकडे लिंबू-मिरची विकणारी माझ्याशेजारी येऊन बसली. पाणी मागितलं, प्यायली, मग इकडेतिकडे बघून कमरेच्या पिशवीतून कार्ड काढलं. हिरवं होतं. बासष्ट घरं भरलेली. ‘तो नवं करतो म्हणतोय,’ ती म्हणाली. मी पोरीला फोन करून वही घेऊन यायला सांगितलं.